पांढऱ्या मासळीची पकड: एका देशात वाढ, दुसऱ्यात घट, आणि त्यामागची कारणे

२०२४ च्या जून महिन्यात कॅनडाने न्यूफाउंडलंड आणि लॅब्रडॉरच्या किनाऱ्यालगतच्या कॉड माशावरील ३२ वर्षे चाललेली मासेमारीबंदी उठवली आणि त्या हंगामासाठी १८ हजार टनांची मर्यादा जाहीर केली. त्यानंतर काही महिन्यांतच नॉर्वे आणि रशिया यांनी उत्तर युरोपच्या वरच्या टोकाला असलेल्या बॅरेंट्स समुद्रातील कॉडची २०२५ ची मर्यादा एक चतुर्थांशाने कमी करून ३ लाख ४० हजार टनांवर आणली. पहिली बातमी पुनरागमनाची म्हणून छापली गेली, तर दुसरी संकटाची म्हणून. मासा एकच असताना १८ हजार टनांमुळे दिलासा का वाटावा आणि त्याच्या जवळजवळ एकोणीसपट असलेल्या आकड्याने चिंता का वाढावी, हा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. या दोन्ही आकड्यांकडे नीट पाहिले, तर मासेमारीच्या आकडेवारीतून काय कळते आणि काय कळत नाही, हे बऱ्यापैकी उलगडते.

पांढरी मासळी म्हणजे नेमके कोणते मासे

व्यापारात ज्यांना ‘पांढरी मासळी’ म्हटले जाते, ते समुद्राच्या तळाजवळ किंवा तळापासून थोडे वर राहणारे, पांढऱ्या आणि कमी चरबीच्या मांसाचे मासे असतात. हेरिंग किंवा मॅकरेल यांच्या सर्व अंगात चरबी मुरलेली असते, तर या माशांची चरबी मुख्यतः यकृतात साठते आणि म्हणूनच कॉडच्या यकृताचे तेल निघते. कॉड, हॅडॉक, सेथ, हेक, न्यूझीलंडचा होकी आणि उत्तर प्रशांत महासागरातला अलास्का पोलॉक ही या गटातील मोठी नावे आहेत. यांपैकी एकट्या अलास्का पोलॉकची पकड अलीकडच्या वर्षांत ३० ते ३५ लाख टनांच्या दरम्यान राहिली आहे. एका जातीच्या माशाची याहून मोठी पकड दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अँकोवेटाचीच होते.

गटाची व्याख्या ठरवतानाच एक पेच येतो. ब्ल्यू व्हायटिंग हा कॉडच्या कुळातला मासा आहे, पण त्याचा बराचसा भाग थेट माणसाच्या ताटात न जाता मत्स्यचूर्णाच्या कारखान्यात जातो. त्याची पकड २००४ मध्ये २४ लाख टनांच्या घरात होती, २०११ मध्ये ती एक लाख टनांच्या आसपास घसरली आणि नंतर पुन्हा दहा लाख टनांच्या पुढे गेली. हा मासा बेरजेत धरला की नाही, यावर एखाद्या वर्षी ‘जगाची पांढरी मासळी’ वाढली की घटली याचे उत्तर उलटेही होऊ शकते. म्हणून कोणताही एकत्रित आकडा पाहताना त्यात कोणते मासे मोजले आहेत, हे आधी पाहावे लागते.

पकड, साठा आणि कोटा

या विषयात तीन शब्द सतत येतात आणि बहुतेक गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. ‘पकड’ म्हणजे वर्षभरात पाण्यातून काढलेल्या माशांचे वजन. ‘साठा’ म्हणजे एका विशिष्ट समुद्रभागात राहणारा, आपापसांत प्रजनन करणारा माशांचा समूह. बॅरेंट्स समुद्राचा कॉड, आइसलंडचा कॉड आणि न्यूफाउंडलंडचा कॉड हे एकाच जातीचे असले, तरी वेगवेगळे साठे आहेत आणि एकाची भरभराट दुसऱ्याच्या कामी येत नाही. ‘कोटा’ म्हणजे त्या साठ्यातून वर्षभरात किती वजनाचे मासे काढू द्यायचे याची सरकारांनी ठरवलेली कमाल मर्यादा.

पकड मोजता येते, साठ्याचा फक्त अंदाज करता येतो. संशोधन जहाजे दरवर्षी ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या पद्धतीने जाळी ओढतात, ध्वनिलहरींनी थवे मोजतात आणि माशांच्या कानातील हाडावरची वर्तुळे मोजून त्यांचे वय ठरवतात. यावरून समुद्रात कोणत्या वयाचे किती मासे असावेत, याचे गणित मांडले जाते. पकड कमी झाली याचा अर्थ मासे कमी झाले असा होऊ शकतो, परवानगी कमी दिली गेली असा होऊ शकतो किंवा बोटीच गेल्या नाहीत असाही होऊ शकतो. नुसत्या आकड्यावरून यातले खरे कारण सांगता येत नाही.

देशाचा आकडा म्हणजे कोणत्या समुद्राचा आकडा?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १९५० पासूनची मासेमारीची आकडेवारी देशवार ठेवते आणि त्यात मासा ज्या जहाजाने पकडला त्या जहाजावरील ध्वजाचा देश मोजला जातो. मासा कोणाच्या समुद्रातून आला, हे त्यावरून कळत नाही. १९७० च्या दशकापर्यंत याला फार मोठा अर्थ होता, कारण तेव्हा बहुतेक देशांचा हक्क किनाऱ्यापासून थोड्याच अंतरापर्यंत होता आणि पलीकडचे पाणी सर्वांना खुले होते.

जपानचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी जहाजांची पोलॉकची पकड वर्षाला ३० लाख टनांच्या आसपास पोहोचली होती आणि तिचा मोठा भाग बेरिंग समुद्रातून, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या किनाऱ्यांसमोरून येत होता. १९७६ मध्ये अमेरिकेने २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला हक्क सांगणारा कायदा केला आणि सोव्हिएत संघानेही तसेच पाऊल उचलले. त्यानंतरच्या दीड दशकात आधी परकीय जहाजांचे वाटे कमी झाले, मग अमेरिकी बोटींनी पकडून परकीय कारखाना-जहाजांना विकण्याचा संयुक्त व्यवहार आला आणि अखेर सगळी मासेमारी अमेरिकी जहाजांकडे गेली. जपानचा आलेख कोसळला आणि अमेरिकेचा उभा राहिला. त्या कोसळण्यात जपानच्या स्वतःच्या किनाऱ्यावरील पोलॉकच्या घटीचाही भाग आहे, पण मुख्य बदल कायद्याचा होता. बेरिंग समुद्राच्या पूर्व भागात आजही वर्षाला दहा लाख टनांहून अधिक पोलॉक पकडला जातो.

हा बदल सहज झाला नाही. आइसलंडने १९५८ मध्ये १२, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० मैलांची हद्द जाहीर केली. प्रत्येक वेळी ब्रिटनशी संघर्ष झाला आणि ब्रिटिश नौदलाची जहाजे संरक्षणाला आली. १९७२ पासूनच्या संघर्षांत आइसलंडच्या गस्तीनौकांनी ब्रिटिश ट्रॉलरच्या, म्हणजे मागे जाळे ओढत मासे धरणाऱ्या जहाजांच्या, जाळ्यांचे दोर तोडले. १९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली आणि हल, ग्रिम्सबी यांसारख्या बंदरांची दूरवरची मासेमारी जवळजवळ संपली. १९८२ च्या सागरी कायदा करारात २०० मैलांचे तत्त्व सर्वमान्य झाले. ब्रिटनचा कॉडचा आलेख पाहताना हा राजकीय कडेलोट ध्यानात घेतला नाही, तर त्या सगळ्या घसरणीचे खापर समुद्रावर फुटेल.

हद्दी आखूनही बेरिंग समुद्राच्या मधोमध अमेरिका आणि रशिया दोघांच्याही हद्दीबाहेर एक तुकडा उरला होता. तिथे जपान, दक्षिण कोरिया, पोलंड, चीन आणि सोव्हिएत संघाच्या जहाजांनी गर्दी केली. १९८९ मध्ये त्या लहानशा भागातून सुमारे १४ लाख टन पोलॉक निघाला आणि १९९२ पर्यंत तो साठा जवळजवळ रिकामा झाला. १९९३ पासून तिथली मासेमारी थांबवण्यात आली, १९९४ मध्ये करार झाला आणि तीन दशके उलटूनही तो साठा मासेमारी करण्याइतका सावरलेला नाही. शेजारीच, नियम असलेल्या पाण्यात, तोच मासा टिकून आहे. नियमांचे मोल सांगणारे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पकड भरघोस असताना साठा संपत असू शकतो का?

होय, आणि न्यूफाउंडलंडमध्ये नेमके तेच घडले. तिथल्या उत्तरेकडील कॉडची पकड १९६८ मध्ये सुमारे ८ लाख १० हजार टनांवर गेली होती आणि तिचा बहुतांश भाग युरोपातून आलेल्या मोठ्या ट्रॉलरांचा होता. १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांची हद्द लागू केली, परकीय जहाजे मागे हटली, पकड दीड लाख टनांखाली आली आणि मग कॅनडाच्या स्वतःच्या ट्रॉलरांच्या बळावर ती १९८० च्या दशकात पुन्हा अडीच लाख टनांच्या आसपास गेली. कागदावर हा सावरलेला साठा दिसत होता.

चूक मोजणीत होती. साठ्याचा अंदाज करताना व्यावसायिक ट्रॉलरांना दर तासाला किती मासा मिळतो, या आकड्यावर बराच भर दिला जात होता. पण कॉडची संख्या घटू लागली, तेव्हा उरलेले मासे विखरून न राहता दाट थव्यांनी एकत्र आले. ध्वनियंत्रे असलेल्या ट्रॉलरांना ते थवे अचूक सापडत राहिले आणि तासाचा आकडा शेवटपर्यंत चांगलाच राहिला. दुसरीकडे लहान बोटींतून, किनाऱ्यालगत ठरलेल्या जागी सापळा-जाळी लावणाऱ्या मच्छीमारांना थव्यांच्या मागे जाता येत नव्हते. मासा त्यांच्यापर्यंत येणे कमी झाले होते, येणारा मासा आकाराने लहान झाला होता आणि ही तक्रार ते १९८० च्या दशकाच्या मध्यापासून करत होते. त्यांचे ऐकले गेले असते, तर पुढचे बरेच काही टळले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. वैज्ञानिकांनी हिशोब सुधारून १९८९ साठी १ लाख २५ हजार टनांचा सल्ला दिला, तेव्हाही रोजगाराच्या भीतीने कोटा २ लाख ३५ हजार टनांवर ठेवला गेला. त्यातच पाणी नेहमीपेक्षा थंड झाले आणि कॉडचे मुख्य खाद्य असलेला कॅपेलिन हा छोटा मासा अचानक कमी झाला. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी मासेमारीबंदी जाहीर केली आणि सुमारे ३० हजार माणसांचे काम गेले. बंदी दोन वर्षांची असेल असे तेव्हा सांगितले गेले होते.

आता २०२४ च्या बातमीकडे परत वळल्यास तिचा अर्थ बदलतो. बंदी उठली, कारण २०२३ मध्ये कॅनडाच्या वैज्ञानिकांनी मूल्यमापनाची पद्धत सुधारली, थेट १९५४ पासूनची जुनी माहिती गणितात घेतली आणि धोक्याची रेषा कुठे आखायची हे नव्याने ठरवले. नव्या रेषेनुसार हा साठा ‘गंभीर’ गटातून ‘सावध’ गटात आला आणि गेली काही वर्षे तो त्याच गटात होता, असेही दिसून आले. मात्र २०१७ नंतर त्याची वाढ जवळजवळ थांबलेली आहे. म्हणजे २०२३ ते २०२४ या काळात समुद्रात नवे मासे आले म्हणून कोटा आला असे नाही. मोजपट्टी सुधारली म्हणून आला. ही सुधारणा प्रामाणिक शास्त्रीय काम आहे, पण तिला ‘कॉड परत आला’ म्हणणे बरोबर नाही. २०२५ साठी मर्यादा ३८ हजार टनांवर नेण्यात आली. अन्न म्हणून कॅपेलिन अजूनही अपुरा असताना ही वाढ घाईची आहे, असे मला वाटते.

मग बॅरेंट्स समुद्रातही तसेच होत आहे का?

तिथली गोष्ट वेगळी आहे. कॉड मोठा होऊन अंडी घालण्यास तिथे साधारण सहा ते आठ वर्षे लागतात आणि प्रत्येक वर्षी जन्मलेली पिढी सारखी नसते. एखाद्या वर्षी पाण्याचे तापमान आणि खाद्य जुळून आले की प्रचंड संख्येने पिल्ले जगतात, एखाद्या वर्षी फारच थोडी. शाळेत एखाद्या वर्षी पहिलीचा पट मोठा असला की तो फुगवटा दरवर्षी एकेक इयत्ता पुढे सरकत जातो आणि मागून लहान तुकड्या आल्या की वरच्या वर्गांची पटसंख्या काही वर्षांनी घटणार, हे शिक्षकांना आधीच दिसत असते. माशांच्या पिढ्यांचेही तसेच असते. २००४ आणि २००५ मधल्या दोन दणदणीत पिढ्यांमुळे बॅरेंट्स समुद्राचा कॉड कोटा २०१३ मध्ये दहा लाख टनांवर गेला. त्यानंतर तेवढ्या तोडीच्या पिढ्या आल्या नाहीत.

यानंतरचे आकडे जवळून पाहण्यासारखे आहेत. २०२१ मध्ये कोटा ८ लाख ८५ हजार ६०० टन होता, २०२२ मध्ये ७ लाख ८ हजार ४८०, २०२३ मध्ये ५ लाख ६६ हजार ७८४ आणि २०२४ मध्ये ४ लाख ५३ हजार ४२७ टन. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या बरोबर ८० टक्के आहे. याचे कारण असे, की नॉर्वे आणि रशिया यांच्या संयुक्त मत्स्य आयोगाने कोटा एका वर्षात २० टक्क्यांहून अधिक बदलू नये असा नियम केलेला आहे, म्हणजे बोटी आणि कारखाने यांना सावरायला वेळ मिळतो. साठा चांगल्या स्थितीत असेपर्यंतच ही सवलत लागू असते. २०२५ साठी कपात २५ टक्क्यांची झाली, म्हणजे अंडी घालणाऱ्या माशांचा साठा सुरक्षित पातळीखाली गेल्यामुळे ही सवलत सोडावी लागली. ३ लाख ४० हजार टन हा १९९१ नंतरचा सर्वांत कमी कोटा होता आणि २०२६ साठी तो आणखी खाली आणण्यात आला.

टीका करायचीच तर ती उताराच्या काळावर न करता २०२१ वर करायला हवी. त्या वर्षी साठा उतरणीला लागल्याची चिन्हे असूनही कोटा आदल्या वर्षापेक्षा २० टक्क्यांनी वाढवला गेला होता. तरीही कोटा कमी होणे म्हणजे इथे यंत्रणा काम करत असणे होय. न्यूफाउंडलंडमध्ये १९८९ ला जे झाले नाही, ते इथे दर वर्षी होत आहे. न्यूझीलंडनेही होकीचा कोटा अडीच लाख टनांवरून २००७-०८ मध्ये ९० हजार टनांपर्यंत उतरवला होता, साठा सावरल्यावर तो पुन्हा वाढवला गेला आणि नंतर पुन्हा कमी केला गेला.

सगळा दोष मासेमारीचाच असतो का?

नाही. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात पाणी दीर्घकाळ असामान्य उष्ण राहिले. उष्ण पाण्यात माशांना जास्त अन्न लागते आणि तेव्हा अन्नच कमी होते. अलास्काच्या आखातातला प्रशांत कॉड इतका घटला, की २०२० मध्ये तिथली संघराज्याच्या हद्दीतली कॉडची मासेमारी बंद ठेवावी लागली. ती अतिमासेमारीमुळे बंद झाली नव्हती. बाल्टिक समुद्राच्या पूर्व भागात कॉडची अंडी तरंगत राहण्यासाठी पुरेसे खारे आणि प्राणवायू असलेले पाणी लागते. शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे खोल पाण्यातला प्राणवायू संपत गेला आणि २०१९ मध्ये युरोपीय संघाने तिथे कॉड पकडण्यावर बंदी घातली. ती बंदी असूनही मासा सावरलेला नाही.

दक्षिण कोरियाच्या पोलॉकच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वर्षाला दीड लाख टनांहून अधिक पोलॉक मिळत होता आणि त्यात पूर्ण न वाढलेल्या पिल्लांचा वाटा मोठा होता. नंतर किनाऱ्याजवळचे पाणीही तापत गेले. २००० च्या दशकाच्या शेवटी पकड जवळजवळ शून्यावर आली आणि २०१९ मध्ये सरकारने पोलॉक पकडण्यावर बारमाही बंदी घातली. तो देश आजही भरपूर पोलॉक खातो. फक्त तो बहुतांशी रशियातून येतो.

आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

बहुतेक वेळा ठेवावा, पण तो आकडा कसा तयार होतो हे जाणून. बंदरात मासा क्वचितच जसाच्या तसा येतो. जहाजावरच त्याचे पोट साफ होते, अनेकदा डोकेही काढले जाते आणि कारखाना-जहाजांवर तर थेट काटे काढलेले गोठवलेले तुकडे तयार होतात. त्या वजनाला ठरलेल्या गुणकाने गुणून जिवंत माशाचे वजन काढले जाते. डोके व पोट काढलेल्या कॉडसाठी नॉर्वेत हा गुणक दीड आहे. त्यामुळे आयात-निर्यातीचे टन आणि पकडीचे टन थेट शेजारी मांडले, तर मासा मध्येच गायब झाल्यासारखा दिसतो.

चोरीचाही इतिहास आहे. २००५ च्या सुमारास बॅरेंट्स समुद्रातून नोंदीबाहेर वर्षाला एक लाख टनांहून अधिक कॉड जात असल्याचे अंदाज होते. समुद्रातच वाहतूक जहाजांवर माल चढवून तो युरोपातील बंदरांत उतरवला जाई. मे २००७ पासून ईशान्य अटलांटिकमधील देशांनी असा नियम केला, की ज्या देशाचा ध्वज जहाजावर आहे त्या देशाने हा मासा कोट्यातलाच आहे असे कळवल्याशिवाय बंदरात तो उतरवू द्यायचा नाही. त्यानंतर हा प्रकार झपाट्याने कमी झाला.

जगाचा एकूण आकडा, आणि युद्ध

कॉड, हेक आणि हॅडॉक यांच्या कुळांची जगभरची पकड १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात १ कोटी ३० लाख टनांच्या पुढे गेली होती आणि अलीकडे ती ९० लाख टनांच्या आसपास असते. ही पातळी मुख्यतः पोलॉकने सांभाळली आहे. अटलांटिक कॉडची जागतिक पकड १९६८ मध्ये ३९ लाख टनांच्या आसपास होती आणि तो काळ परत येण्याची कोणतीही चिन्हे नाहीत. रशिया पोलॉकचा सर्वांत मोठा आणि बॅरेंट्स कॉडचा जवळजवळ निम्मा वाटेकरी आहे. त्यामुळे २०२२ नंतर अमेरिकेने रशियन मासळीची आयात बंद केली आणि ब्रिटनने तिच्यावर ३५ टक्के जादा शुल्क लावले, तरी त्याचा रशियाच्या पकडीवर फारसा परिणाम झाला नाही. रशियन मासा बराच काळ चीनमध्ये जाऊन, तिथे काटे काढून, चिनी माल म्हणून अमेरिकेत पोहोचत होता. ही वाट अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस बंद केली.

अधिक गंभीर बाब विज्ञानाची आहे. बॅरेंट्स समुद्राचा कॉड नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ अंडी घालतो आणि त्याची पिल्ले पूर्वेकडे, बऱ्याच अंशी रशियाच्या हद्दीत, वाढतात. त्यामुळे एका देशाने लहान मासे काढले, तर दुसऱ्याचा मोठा मासा संपतो. याच कारणाने १९७० च्या दशकाच्या मध्यात, शीतयुद्ध चालू असताना, दोघांनी संयुक्त आयोग स्थापन केला आणि तो आजवर टिकला आहे. २०२२ मध्ये युरोपातील आयसीईएस या आंतरराष्ट्रीय सागरसंशोधन परिषदेने रशियाचा सहभाग थांबवला, तेव्हापासून या कॉडचे मूल्यमापन नॉर्वे आणि रशियाचे वैज्ञानिक दोघेच मिळून करतात आणि इतर देशांच्या तज्ज्ञांकडून त्या गणिताची होणारी तपासणी थांबली आहे. २०२५ मध्ये नॉर्वेने दोन रशियन मासेमारी कंपन्यांवर निर्बंध लावल्यावर रशियाने तीव्र आक्षेप घेतला, तरीही दोघांनी पुढच्या वर्षाचा कोटा एकत्र ठरवला. साठा सुरक्षित पातळीखाली असताना हा करार मोडला, तर दोन्ही देश आपापला कोटा स्वतंत्रपणे ठरवतील आणि त्या दोन कोट्यांची बेरीज समुद्रात असलेल्या माशांशी जुळवण्याची जबाबदारी कोणावरच राहणार नाही.